जुनी बक्कलं आणि जुने दागिने जमवायचे तर आधी पालथे करून पाहा

पोलिसांच्या कागदपत्रांत आजही शिपायाच्या नावापुढे ‘ब. नं.’ असं लिहिलेलं दिसतं. ब. नं. म्हणजे बक्कल नंबर. ‘चपराशी’ हा शब्दही पट्ट्यावरूनच आला: छातीवरच्या आडव्या पट्ट्याला किंवा कमरपट्ट्याला लावायची कोरीव पितळी पाटी म्हणजे चपरास, आणि ती लावणारा तो चपराशी. कचेऱ्या, गोदी, रेल्वे, पेढ्या यांच्या या मुंबई शहरात असल्या बक्कलांचा आणि पाट्यांचा मोठा साठा मागे राहिला. त्याच्या जोडीला पारशी घरांतले विलायती ब्रूच, मडमांच्या पट्ट्यांची चांदीची बक्कलं, आणि आपल्या घराघरांतल्या कुड्या, बुगड्या, गोठ, तोडे. हे सगळं अजून हाती लागतं, पण दरवर्षी कमी होत चाललंय, कारण पितळ भंगारात जातं आणि सोनं आटणीत.

नव्याने जमवणाऱ्याने पहिलं वर्ष पितळी बक्कलांवर घालवावं, असं आमचं मत आहे. चूक झाली तर नुकसान थोडं होतं, आणि बक्कलावर तयार झालेली नजर पुढे तन्मणी-नथीलाही उपयोगी पडते. कारण दोन्हीकडे नियम एकच आहे: पुढची बाजू घालणाऱ्यासाठी घडवलेली असते, वस्तूचं वय मात्र मागे आणि जोडात असतं. काटा, फासा, कडी, फिरकी, मळसूत्र (स्क्रूचे आटे), झाळ (धातू वितळवून केलेला सांधा) या जागा आधी पाहायच्या, नक्षी नंतर.

सोबत काय न्यायचं

सोनार डोळ्याला लावतात ते दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, मिलिमीटरची व्हर्नियर पट्टी, वाटाण्याएवढं निओडिमियमचं लोहचुंबक, पांढऱ्या उजेडाची छोटी बॅटरी आणि हातभर काळं सुती कापड. यापेक्षा जास्त काही लागत नाही. वजनकाटा खरा आहे का हे तपासायला १९३९ किंवा त्याआधीचा, फारसा न झिजलेला चांदीचा रुपया जवळ ठेवा. तो ११.६६ ग्रॅम भरतो, म्हणजे बरोबर एक तोळा. दहा-वीस मिलिग्रॅमचा फरक झिजेचा. पाव ग्रॅमचा फरक आला तर एक तर वजनकाटा बिघडलाय, नाहीतर रुपया खोटा आहे. चुंबकाला पितळ, चांदी, सोनं यांपैकी काहीच चिकटत नाही, त्यामुळे वरून पितळेचं पाणी दिलेलं लोखंड लगेच उघडं पडतं.

बक्कल कसं वाचायचं

साध्या बक्कलाचे भाग तीनच: चौकट, मधली किंवा कडेची आडवी दांडी, आणि पट्ट्याच्या भोकात जाणारा काटा. काटा दांडीभोवती फिरतो आणि त्याचं टोक चौकटीच्या समोरच्या कडेवर टेकतं. वर्षानुवर्षं वापरलेल्या बक्कलात नेमक्या त्या टेकण्याच्या जागी उथळ खाच पडलेली असते. डोळ्याला दिसली नाही तरी नखाला लागते. काटा जिथे दांडीवर फिरतो तिथे दांडी थोडी बारीक झालेली असते, आणि दांडीच्या उरलेल्या भागावर चामडं घासून आलेली मऊ चमक असते. जिथे चामड्याचं आणि हाताचं घासणं पोहोचत नाही, म्हणजे अक्षरांच्या खोबणीत आणि कड्यांच्या कोपऱ्यात, तिथेच काळपटपणा साठतो.

मुद्दाम जुन्या केलेल्या मालात हे उलटं असतं. आम्लात किंवा अमोनियाच्या वाफेत ठेवलेलं पितळ सगळीकडे सारखं काळवंडतं, उंचवट्यावरही, आणि काटा टेकायची जागा कोरी राहते. चलाख कारागीर तिथे कानशीने खाच पाडतात. तीही ओळखता येते: भिंगाखाली कानशीचे समांतर चरे दिसतात. वापराने पडलेल्या खाचेत चरे नसतात, तिच्या कडा खडीसाखर चोखल्यासारख्या गोल झालेल्या असतात. लष्करी पट्ट्यांवर ‘साप बक्कल’ मिळतं, त्यात काटा नसतो, सापाच्या आकाराचा आकडा दोन्हीकडच्या कड्यांत अडकतो. त्याची झीज आकड्याच्या आतल्या वळणावर शोधायची.

दुसरी गोष्ट म्हणजे ओतीव नक्कल. खरी चपरास बहुधा जाड पत्र्यावर छिन्नीने कोरलेली असते, तर रेल्वेची आणि पलटणीची पाटी बरेचदा ठशाने उठवलेली. कोरीव अक्षराच्या खोबणीचा तळ धारदार असतो आणि छिन्नी जिथे वळली तिथे बारीक टप्पे दिसतात. ठशाच्या कामात पुढचा उंचवटा मागे खोलगट दिसतो. नक्कल वाळूच्या साच्यात ओतलेली असते: खोबणीचा तळ गोल, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडेला साच्याची शिवण. वितळलेलं पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, म्हणून ६० मिमी रुंद मूळ पाटीवरून साचा घेतला तर नक्कल ५९ मिमीच्या आसपास भरते. तुमच्या संग्रहातल्या आणि भरवशाच्या माणसांकडच्या प्रत्येक खऱ्या पाटीची मापं लिहून ठेवा. ती वही पुढे भिंगाइतकीच कामाला येते.

मागचे हूक करड्या कथलाच्या झाळीने चिकटवलेले दिसले म्हणून वस्तू लगेच खोटी ठरवू नका. पट्टा बदलला की हूकही बदलत असत. पण मग भाव पूर्ण मूळ वस्तूचा द्यायचा नाही.

सालाचा अंदाज लेखावरून लागतो. ‘जी. आय. पी.’ असेल तर वस्तू ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, आणि १९५१ मध्ये त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. ‘बी. बी. अँड सी. आय.’ची, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, त्याच वर्षी पश्चिम रेल्वे झाली. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. ‘जी. आर.’ सोबत रोमन पाच असेल तर १९१० ते १९३६, सहा असेल तर त्यानंतरचं. अशोकस्तंभाचे सिंह असले तर प्रजासत्ताकाच्या काळातलं. ‘ई. आर.’ आणि रोमन दोनचा आकडा हिंदुस्थानी खात्याच्या नावासोबत आला तर ते खोटंच समजा, कारण एलिझाबेथ राणी १९५२ मध्ये गादीवर आल्या आणि आपण १९५० पासूनच प्रजासत्ताक आहोत. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि ठसठशीत साल मिरवणारं जे जे पितळ रस्त्यावर दिसेल ते नवीनच धरून चालावं. आजच्या पोलीस किंवा लष्कराच्या गणवेशावरची बक्कलं मात्र संग्रहातसुद्धा घेऊ नका.

चांदी आहे की जर्मन सिल्व्हर

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. त्यावर किंवा पितळेवर विजेने चांदीचा मुलामा देण्याचं काम १८४० नंतर सर्रास सुरू झालं. मुलामा आधी कडांवर आणि काटा टेकायच्या जागी उडतो, तिथे पिवळट किंवा करडा रंग दिसला की समजावं.

शंका राहिली तर पाण्यात तोला. वजनकाट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्यावर आणा. बक्कल बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, आणि दोरा हातात धरून ठेवा. आता जो आकडा दिसेल तेवढे घनसेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. समजा बक्कल कोरडं ४१.४ ग्रॅम आहे आणि पाण्यात आकडा ४.०० आला, तर ४१.४ भागिले ४ म्हणजे १०.३५. स्टर्लिंग (९२.५ टक्के) चांदी अशीच भरते. आकडा ४.८ आला तर भागाकार ८.६, म्हणजे आत पितळ किंवा जर्मन सिल्व्हर. बावीस कॅरेट सोन्याचा भागाकार साडेसतरा ते अठराच्या दरम्यान येतो. बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, म्हणून वस्तू पाण्यात एकदा हलकेच हलवून घ्या. पोलादी काट्याचं, खड्यांचं किंवा पोकळ बक्कल या पद्धतीने मोजता येत नाही. लाख भरलेला, मोत्यांचा किंवा बंद कोंदणाचा दागिना तर पाण्याजवळही नेऊ नका.

विलायती ब्रूच आणि पट्टे

साडीच्या खांद्यावर ब्रूच लावायची पारशी घरांत पद्धत होती, त्यामुळे मुंबईत चांगले ब्रूच निघतात. इथेही आधी मागे पाहा. साधा अर्धगोल आकडा, त्याला कुठलंही कुलूप नाही, आणि सुई ब्रूचच्या कडेबाहेर डोकावते, असं असेल तर तो बहुधा १९०० च्या आधीचा. फिरवून बंद होणारा आकडा विसाव्या शतकातला. पण आकडे बदललेलेही असतात, तेव्हा बिजागरी आणि आकडा यांची झाळ एकाच रंगाची आहे ना, हे बघा.

इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग. नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचं तोंड लंडनचं. शेजारचं एक अक्षर सालाचं असतं, ते तक्त्यात पडताळायचं. राजा-राणीच्या मुखवट्याचा कराचा शिक्का १८९० ला बंद झाला, म्हणून तो असेल तर वस्तू त्याआधीची. सोन्यावर ‘१५’ कॅरेटचा शिक्का असेल तर १८५४ ते १९३२, कारण १९३२ मध्ये त्याची जागा १४ कॅरेटने घेतली. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असं कोरलेलं काचेचं बक्कल १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला.

पैलू पाडलेल्या पोलादी मण्यांची बक्कलं दिसायला फार देखणी, पण मुंबईच्या हवेत ती टिकवणं अवघड. जुन्या कामात प्रत्येक मणी वेगळा घडवून मागून ठोकलेला असतो, पालथं केलं की ठोकलेल्या टोकांचं शेत दिसतं. गंज एकदा मण्यांखाली शिरला की निघत नाही, म्हणून तांबूस डाग दिसले तर मोह आवरा.

सेल्युलॉइडची, म्हणजे सुरुवातीच्या प्लॅस्टिकची, वस्तू तापलेल्या सुईने तपासायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. ते भडकन पेटतं. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या: कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिकसारखा उग्र आला तर बेकेलाइट.

आपले दागिने

कुडी, बुगडी, जवे, तोडे यांत मळसूत्र पाहायचं. जुना कारागीर तारेचं वेटोळं दांडीवर गुंडाळून झाळत असे आणि तसंच वेटोळं नळीच्या आत बसवत असे. त्यामुळे आटे थोडे कमी-जास्त असतात आणि एका कुडीची फिरकी दुसऱ्या कुडीला बसत नाही. यंत्रावर पाडलेले आटे एकसारखे आणि धारदार. फिरकी अडली तर जोर लावू नका. एक थेंब हलकं तेल सोडून रात्रभर ठेवा, आणि सोनाराला स्पष्ट सांगा की मळसूत्र बदलायचं नाही. ते बदललं की वस्तूचं वय सांगणारी खूणच गेली, आणि बहुतेक सोनार ती प्रामाणिक दुरुस्ती समजून काढून टाकतात.

ठुशी, वज्रटीक, पोकळ गोठ यांत आत लाख असते. वजन करताना सोन्याचं आणि लाखेचं एकत्र येतं, म्हणून नुसत्या वजनावर भाव करू नका. कानाशी धरून हलवा. खुळखुळ वाजली तर लाख सुटली आहे, आणि मग पत्रा चेपायला वेळ लागत नाही. अशी वस्तू उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवली तर लाख मऊ होऊन शिवणीतून बाहेर येते.

नथीतल्या आणि कुड्यांतल्या लाल खड्यांबाबत सावध राहा. कृत्रिम माणिक बनवण्याची व्हर्नुई यांची पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली आणि तो खडा झपाट्याने सगळीकडे पोहोचला. भिंगात मागून उजेड देऊन बघा: ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसले तर खडा कृत्रिम. त्यामुळे दागिना नवा ठरत नाही. १९३० ची अस्सल नथसुद्धा असल्या खड्यांची असू शकते. अमेरिकन डायमंड मात्र १९७० च्या दशकात बाजारात आला, तेव्हा ‘पणजीच्या’ कुडीत तो असेल तर निदान खडा तरी बदलला आहे.

मोती दातावर घासून फक्त काचेचा खोटा मोती ओळखता येतो. बसरा (नैसर्गिक) आणि संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला) यांतला फरक दात सांगत नाही, त्याला प्रयोगशाळेत क्ष-किरण लागतात. महाग तन्मणी किंवा चिंचपेटी ‘बसरा’ म्हणून घ्यायची असेल तर तेवढा अहवाल आधी मागाच.

पुतळ्यांची माळ किंवा रुपयांचा हार असेल तर नाण्यावरचं साल फक्त एवढंच सांगतं की माळ त्याआधीची नाही. १८८० च्या रुपयाला १९८० मध्ये कडी झाळता येते. कडीची झाळ आणि नाण्याची झीज जुळते का ते पाहा: कडीखालचा भाग चकचकीत आणि बाकी नाणं गुळगुळीत झिजलेलं असेल तर कडी बरीच उशिरा लागली.

शुद्धतेबद्दल दोन तारखा लक्षात असू द्या. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटपेक्षा चढे दागिने घडवायला बंदी आली, ती १९६६ मध्ये उठली. म्हणून आपल्या घडणीचा १४ कॅरेटचा दागिना दिसला तर तो त्या काळातला असण्याचा संभव धरा. आणि सोन्याचं बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) हॉलमार्किंग २००० पासूनचं. तो त्रिकोणी शिक्का असलेला दागिना कुणी शंभर वर्षांचा म्हणून दाखवला तर शिक्का नंतर मारून घेतलाय की दागिनाच नवा, हे विचारा. मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेताना हेही ध्यानात ठेवा की क्ष-किरणांचं यंत्र वरचा थरच वाचतं. मुलाम्याची वस्तू तिथेही फसवू शकते.

खरेदी

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुना बाजार भरतो. दुकानात माल निवडलेला आणि भाव चढा, रस्त्यावर ढीग आणि नशीब. रस्त्यावर बॅटरीच्या उजेडात घेतलेला निर्णय बरेचदा चुकतो, म्हणून उजाडेपर्यंत थांबा. आवडलेली एकच वस्तू उचलून भाव विचारला की तो वाढतो, तेव्हा चार बक्कलांचा एकत्र भाव करा.

झवेरी बाजारात मोड (आटवायला आलेलं जुनं सोनं) घेणाऱ्यांशी ओळख ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा भाव, एवढा हिशेब आधी करून ठेवा. आटणीला जाणाऱ्या दागिन्यावर त्याहून थोडं जास्त द्यायची तयारी दाखवली तर तो तुमच्यासाठी बाजूला राहतो. असे किती तोडे आणि बाजूबंद केवळ विचारणारं कुणी नव्हतं म्हणून मुशीत गेले, याचा विचार करवत नाही. पावती प्रत्येक वेळी घ्या, वस्तूच्या वर्णनासकट आणि वजनासकट. पावती द्यायला कुरकुर करणाऱ्याचा माल चोरीचा असू शकतो.

कायदा थोडक्यात: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातल्या भाचीला भेट म्हणूनही नाही. वय संशयास्पद असेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्या. हस्तिदंताचं बक्कल आणि लहान मुलांच्या गळ्यातलं खरं वाघनख विकत घेणं गुन्हा आहे, कितीही जुनं असलं तरी.

पावसाळा

समुद्राची खारी हवा आणि जूनपासूनचा ओलावा, यांतून पितळेवर हिरवट भुकटी येते. ती पुसल्यावर चार दिवसांत पुन्हा आली तर आत क्षार शिरला आहे. ती वस्तू ताबडतोब वेगळी करून सिलिका जेलसोबत कोरडी ठेवा. चिंच, लिंबू किंवा घासायची पूड जुन्या पितळेला कधीही लावू नका. शंभर वर्षांचा रंग पाच मिनिटांत जातो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. कोरडा मऊ ब्रश, मग सुती कापड, एवढंच. साध्या चांदीला रिठ्याचं कोमट पाणी चालतं, मात्र नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायला हवं.

चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि तिला रबरबँड लावू नका. रबरातलं गंधक काळी रेघ उमटवतं. पातळ पांढरा आम्लरहित कागद, त्यावर झिप असलेली पॉलिथिनची पिशवी, डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल. नारंगी दाणे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. मोत्यांना हा कोरडेपणा सोसत नाही, ते सुती कापडात आणि वेगळ्या डब्यात. सेल्युलॉइडही वेगळं, कारण जुनं झाल्यावर त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या धातूला खाते. लॉकरमध्ये ठेवलेलं सामान दिवाळीच्या आधी एकदा उघडून बघा.

प्रत्येक वस्तूला एक कार्ड करा: मापं मिलिमीटरमध्ये, वजन, कुठे आणि कधी मिळाली, विकणाऱ्याने काय सांगितलं, आणि पुढचा-मागचा फोटो. मागचा फोटो विसरू नका. पटवेकऱ्याकडून चिंचपेटी किंवा तन्मणी नव्याने गाठवून घ्याल तेव्हा जुना रेशमी दोरा आणि जरीचा गोंडा परत मागून घ्या, आणि त्या कार्डाबरोबर पाकिटात ठेवा.